सगुणच्या तारेतला गंधार

गोव्यातल्या हरमलच्या सगुणला गिटार कुणी शिकवली नाही. घरच्या भाड्याच्या खोलीत राहिलेला एक गोरा जाताना गिटार आणि दोन-चार कॅसेटी ठेवून गेला, एवढंच. कॅसेटींत अमेरिकेतले काळे म्हातारे गात होते. शब्द कळेनात, पण ऐकता ऐकता पोराच्या अंगावर काटा आला. अहो, हा सूर त्याने बापाच्या तोंडून ऐकला होता!

त्याचा बाप सखाराम सुर्ल्याच्या खाणीवर ट्रक चालवायचा आणि सुट्टीला घरी आला की देवळात भजनाला बसायचा. गंधार लावताना तो ना कोमलावर थांबे, ना शुद्धावर. मधल्याच जागी हेलकावत राही. पेटीवाला वैतागायचा, "अरे, ती पट्टी माझ्या पेटीत नाय रे बाबा!" सखाराम नुसता हसायचा. गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्या वर्षी त्याचा ट्रक उलटला आणि ते हसणंही संपलं.

सगुणने मग तीच जागा तारेवर शोधली. बोटांनी तार वर ढकलायची, सुराच्या जरा अलीकडे रोखायची आणि तिथेच थरथरवायची. किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये लोक जेवण सोडून ऐकत. पणजीच्या एका बँडने बोलावणं धाडलं. पोरगा हवेत होता, आणि का नसावा?

एका तिन्हीसांजेला तो पडवीत वाजवत बसला होता. आतून आई, देवकी, पाण्याचा तांब्या घेऊन आली. "इलात? हातपाय धुवन घ्या." समोर सगुण दिसला आणि तांब्या तिच्या हातून निसटला.

मग रोजच तिला नवरा ऐकू येऊ लागला. थोरले काका बाबाजी बिथरले. "सखारामाचो जीव अडाकलो हा त्या तारांत. गिटार दर्यात टाक!" सगुण भडकला. बोटं माझी, मेहनत माझी, आणि नाव मेलेल्याचं? शेवटी देवाला कौल लावायचं ठरलं. पुजाऱ्याने मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या; जी आधी गळेल तो देवाचा कौल. काकांनी गाऱ्हाणं घातलं: सूर सखारामाचा असेल तर उजवी दे, पोराचा असेल तर डावी. सगुण डाव्या पाकळीवर डोळे लावून उभा. बापासाठी त्याचाही जीव तुटत होता, तरी मनात एकच धावा: देवा, एवढं तरी माझं असू दे.

उजवी पडली.

सखारामाच्या अडकलेल्या जिवाला वाटेला लावायचा दुसरा कौल मागायला काका लगेच पुढे झाले. देवकी आड आली. थोरल्या दिरासमोर जिने कधी मान वर केली नव्हती, ती म्हणाली, "फुडचा काय विचारू नकात. ऱ्हवांदे तेंका."

गिटार वाचली, पण पणजीला जायचं कसं? आई रोज संध्याकाळी पदर सावरून समोर बसू लागली. गाय व्यायली, छप्पर गळतं, सगळं सांगायची. सगुणकडे न बघता, तारांकडे बघून. एकदा त्याने हट्टाने स्वतःची चाल वाजवली, सरळ, स्वच्छ सुरांची. तीत कुणाचीच सावली नव्हती. आईने चाल संपू दिली. मग शेजारच्या पोराला सांगावं तसं हळूच म्हणाली, "तुझा नको रे, बाबू. तेंका बोलव."