बाजारात आम्ही कोणी कोणाचे नव्हतो

फोन आला तेव्हा मी भाजीचं पाणी ओतत होते. दुधीच्या बारीक फोडी, आधी कोमट पाण्यात भिजवलेल्या, मग उकळलेल्या, आणि आता चाळणीत निथळत ठेवलेल्या. किडनीच्या माणसाला भाजी अशीच द्यायची असते, तिच्यातला सगळा कस पाण्यात उतरवायचा आणि ते पाणी मोरीत ओतून द्यायचं. ह्यांना दवाखान्यात ठेवलं होतं. आमचा मुलगा मिलिंद सोबत थांबला होता आणि दुपारचा डबा घेऊन मी जाणार होते. फोनवर तो नुसता "आई" म्हणाला. मी म्हटलं, "डबा होतोच आहे रे, निघतेच." त्यावर म्हणाला, "डबा नको आणू, आई..." मी गॅस बंद केला आणि त्या चाळणीकडं बघत बसले. रडू नाही आलं. राग आला. एवढं निवडायचं, चिरायचं, उकळायचं, ओतायचं, आणि शेवटी हेच व्हायचं असेल तर हा खटाटोप कशासाठी केला, असं वाटलं. दुधी तशीच ओट्यावर राहिली. संध्याकाळी शेजारणीनं उचलून टाकली असावी.

आता काही आठवडे झाले. भेटायला येणारे म्हणतात, वसंतराव म्हणजे सोन्यासारखा माणूस होता. मी मान हलवते. पण तुम्हाला म्हणून सांगते, सोन्यासारखा कसला, चांगला खवट माणूस होता. सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. आलेला माल उलटसुलट करून बघितल्याशिवाय आत घ्यायचा नाही, ही सवय घरीही आली. मी आणलेला कांदासुद्धा दाबून बघायचे. "ह्याला कोंब फुटणार आहे," म्हणायचे. मी म्हणायची, "फुटू द्या, तेवढीच पात मिळेल." असा आमचा संसार. प्रेमाचं बोलणं दोघांनाही जमायचं नाही, वाद मात्र रोज ताजे असायचे.

कारखाना बंद पडला आणि त्याच वर्षी ह्यांना साखर निघाली. म्हणतात ना, दुष्काळात तेरावा महिना. पगार थांबला आणि डॉक्टरांनी खायला सांगितलं ते काय, तर हिरव्या पालेभाज्या, मोड आलेली कडधान्यं, नाचणी, पेरू, पपई, घाण्याचं तेल. हे घरी आले आणि म्हणाले, "बघ, आजार आला तोही राजेशाही थाटाचा आलाय." मिलिंद तेव्हा नुकता नोकरीला लागला होता. त्यानं हौसेनं आम्हाला कॉलेज रोडवरच्या एका मोठ्या, गारेगार दुकानात नेलं. तिथं 'आरोग्यासाठी' अशी पाटी लावलेलं एक वेगळं कपाटच होतं. ह्यांनी चष्मा कपाळावर चढवला, एक सात धान्यांचा पाव उचलला, मागचं बारीक अक्षर वाचलं आणि भर दुकानात मोठ्यानं म्हणाले, "अरे, ह्याच्यात सगळा मैदाच आहे, बाकीची धान्यं फक्त फोटोत आहेत!" मिलिंदची मान खाली. मी ह्यांना कोपरानं ढोसलं. आम्ही तिथून एक काडेपेटीही न घेता बाहेर आलो.

मग ह्यांनी स्वतःचंच शास्त्र बसवलं. पहिल्यांदा बाजारात आलेल्या भाजीकडं बघायचं नाही. ढीग लागला, लोकांना कंटाळा आला, की ती आपली. मटार थंडी भरात आल्यावर, मेथी गल्लोगल्ली झाल्यावर. तांदूळ घोटीचा, पण हातसडीचा आणि थोडाच. नाचणी रविवार कारंजावरून आणून आपण दळायची, पिशवीतलं पीठ घ्यायचं नाही. शेवग्याचा पाला तर फुकटच, आमच्या कॉलनीच्या मागच्या झाडाचा, आणि तो ओरबाडताना ह्यांना बघून नवीन आलेल्या शेजाऱ्यांना वाटायचं की ह्यांच्याकडं बकरी आहे. मी हसायची, पण खायचं तेच. आणि खरं सांगायचं तर साखर आटोक्यात राहिली. वर्षानुवर्षं राहिली. डॉक्टर म्हणायचे, काय करता हो तुम्ही? हे माझ्याकडं बोट दाखवायचे. घरात मात्र कधी एका शब्दानं कौतुक केलं असेल तर शपथ.

अडचण होती ती एकच. मला भाव करता येत नाही. मी दिंडोरीकडची, बापाच्या मळ्यात भाजी व्हायची. लहानपणी बापाच्या शेजारी पोत्यावर बसून मी गिऱ्हाइकं बघितलेली आहेत. जुडी उलटी करतात, पालटी करतात, नाक मुरडतात आणि निघताना वर चार मिरच्या उचलतात. तेव्हापासून कोणी भाव सांगितला की माझा हात आपोआप पैशाकडं जातो. ह्यांचं उलट. पण हे सोबत असले की विकणारे आधीच सावध व्हायचे, नवरा-बायको बघून भाव चढाच सांगायचे. मग एकदा बुधवारी, गोदाघाटावरच्या बाजारात, हे स्कूटर लावायला मागं राहिले आणि मी पेरूंपुढं उभी. भाव ऐकून मी पाकीट काढणार, तेवढ्यात मागून ओळखीचा आवाज आला, "अहो बाई, कशाला घेता इतके महाग? तिकडं पुलाखाली ह्याहून चांगले आहेत." मी वळून बघते तर आमचे हे! चेहरा असा, की जन्मात मला कधी पाहिलं नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, "हो का, भाऊ?" आणि पेरूवाल्यानं चटकन भाव उतरवला.

घरी येईपर्यंत आम्ही बोललो नाही. दार लावलं आणि हे पोट धरून हसायला लागले. "नवऱ्याला भाऊ म्हणालीस! कुठं फेडशील हे पाप?" मी म्हटलं, "आणि तुम्ही मला बाई म्हणालात ते?" त्या वर्षी राखीपौर्णिमेला सकाळी सकाळी मनगट पुढं करून उभे राहिले होते. मी लाटणं दाखवलं. पण तेव्हापासून बुधवारचा रिवाज पडला तो पडलाच. एकच स्कूटर, पण ती लांब लावायची. दोन वेगळ्या पिशव्या. आधी मी जायचं, थोड्या वेळानं हे. ओळख दाखवायची नाही. हसायचं तर मुळीच नाही. खरेदी झाली की पायऱ्यांवर भेटून बिनसाखरेचा चहा. मळ्यातून आपली टोपली घेऊन आलेल्या बाईशी मात्र ही नाटकं करायची नाहीत, ही माझी अट. तिच्याकडं ती सांगेल तो भाव, मुकाट. मार्केट यार्डातून माल उचलून आणून विकणारे असतील, तर मग करा काय करायचं ते.

ह्या नाटकातलं तिसरं पात्र म्हणजे ठकूबाई. गिरणाऱ्याची, पण माल यार्डातून उचलणारी, जाडजूड, दिवसभर भाजीच्या ढिगामागं बसून सगळ्या बाजाराला उत्तरं देणारी. ह्यांच्यावर तिचा भारी दात. हे लांबून दिसले की तिचं सुरू, "आला बघा खडूस बाबा! ताई, तुम्ही त्याचं नका ऐकू, त्याला मेल्याला कायच पसंत नाय." आणि एकदा तर माझ्याच तोंडावर म्हणाली, "कुन्या बाईच्या नशिबी हा नवरा आलाय, देव जाणे. लय सोसत आसंल बिचारी." मी म्हटलं, "खरं आहे, बाई." हे समोर कोथिंबीर हुंगत उभे, मिशीसुद्धा हलली नाही. पायऱ्यांवर आल्यावर मात्र म्हणाले, "इतकं मनापासून म्हणायची काय गरज होती?"

आणि मग किडन्या गेल्या. एकदम नाही, हळूहळू, जशी भिंत आतून ओल धरते तशा. आहार सांगणाऱ्या ताईंनी समोर बसवून समजावलं. पालेभाजी बंद किंवा नावाला. टोमॅटो नाही. मोड आलेली कडधान्यं नाहीत. पेरू, केळं, शहाळं नाही. नाचणी नाही. म्हणजे इतकी वर्षं ज्याच्या मागं धावलो, ज्याच्यासाठी घाटावर खोटं बोललो, ते सगळं आता विष. ह्यांनी शांतपणे विचारलं, "मग खायचं काय?" दुधी, गिलकी, दोडकी, तीही उकळून, पाणी फेकून. पांढरा भात चालेल. मी बाहेर येऊन जिन्यात बसले आणि रडले. माझ्या आईनं मला शिकवलं होतं, भाजीचं पाणी कधी फेकू नये, सगळं सत्त्व त्यातच असतं. आणि मी रोज दोन वेळा ते मोरीत ओतायची. डायलिसिस जितकं लांबेल तितकं लांबवायचं, असं डॉक्टर म्हणाले होते. माझ्या हातात तेवढंच होतं, आणि मी ते हट्टानं धरून बसले. हा माणूस मला जगवायचा होता. बाकी कशाचं मला काही पडलं नव्हतं.

ताटाकडं बघून हे म्हणायचे, "चोथा छान झालाय आज." मी चिडायची. मग तेच समजुतीनं दोन घास घ्यायचे. अंग वाळत गेलं, पायावर सूज, तोंडाला चव नाही. पण बुधवार सोडला नाही. मी म्हणायची, "आता काय घ्यायचंय तिथून? दुधी कोपऱ्यावरही मिळते." तर म्हणायचे, "कोपऱ्यावरचा लुटतो." स्कूटर गेली, रिक्षा आली, पण आम्ही उतरायचो अलीकडं आणि मी पुढं निघायची, हे मागून. पूर्वी मी दोन वाटे बघेपर्यंत मागं हजर असायचे. आता मला सगळा ढीग तीनतीनदा उलथापालथा करत उभं राहावं लागायचं, ते येईपर्यंत...

शेवटच्या वेळी गेलो तेव्हा मला आवडला नव्हता त्यांचा चेहरा. म्हटलं, आज बसा रिक्षातच. ऐकतील तर ते वसंतराव कसले! मी ठकूबाईपुढं गिलकी निवडत होते. हे आले, म्हणाले, "अहो बाई, ह्याहून..." आणि पुढचं वाक्य आलंच नाही. डोळ्यांपुढं अंधारी आली असावी, त्यांनी माझा दंड घट्ट धरला. ठकूबाई कडाडली, "ओ बाबा! लाज नाय वाटत? सोडा ताईंचा हात!" आजूबाजूची चार माणसं वळली. मला तेव्हाच सांगता आलं असतं. जीभ उचललीही होती. पण ह्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मान अगदी बारीक हलवली, नको म्हणून. मी म्हटलं, "असू दे गं, चक्कर आलीय म्हाताऱ्याला. जरा पाणी दे." तिनं आपली बाटली दिली. डॉक्टरांनी दिवसाचं पाणीसुद्धा मोजून दिलं होतं, तरी ते हे घटाघटा प्यायले. मग ठकूबाईच जरा नरमली, म्हणाली, "वाळला लय हो बाबा. घरात कुनी करून घालाय नाय का?" हे म्हणाले, "आहे. चांगली आहे. पण ती सगळं पाण्यात घालवते." जन्मात एकदा मला चांगली म्हणाले, तेही परक्या बाईपाशी, मी कोणी परकीच असल्यासारखं. पायऱ्यांपर्यंत त्यांना हाताला धरून नेलं तेव्हा सगळा बाजार माझ्या परोपकाराचं कौतुक करत होता.

त्यानंतर दवाखाना, आणि मग तो फोन. गेल्यानंतरचे दिवस म्हणजे एकच वाक्य सतरा ठिकाणी सांगायचं. बँकेत सांगा, गॅसवाल्याला सांगा, पेन्शनच्या खिडकीवर सांगा, दूधवाल्याला सांगा. प्रत्येकजण "अरेरे" म्हणतो आणि एकेका जागेवरून माणूस पुसला जातो. टिकली मी काढली नाही. ह्यांनीच तसं बजावून ठेवलं होतं, आणि मला तरी कोणाला काय दाखवायचंय? मिलिंद म्हणतो, पुण्याला चल. जाईनही. पण घरात दोन दिवस भाजी नव्हती आणि परवा बुधवार होता. माझे पाय आपले निघाले.

ठकूबाईपुढं मेथीचा हा एवढा ढीग. थंडीची, कोवळी, लाल देठांची. किती तरी दिवसांनी मला मेथी घेता येणार होती, आणि तेच मला सहन होईना. मी खाली बसून उगाच जुड्या चाळत राहिले. दोन चाळल्या, चार चाळल्या. तिनं विचारलंच, "ताई, तो खडूस बाबा नाय दिसला लय दिवसांत? बरा हाय ना?" ते वाक्य ओठांवर तयारच होतं, इतक्यांदा म्हटलेलं. पण मला वाटलं, सगळ्या नाशकात ही एकच जागा उरलीय जिथं माझ्या नवऱ्याला अजून कोणी गेलेला म्हणालेलं नाही. इथं तो अजून कटकट करतोय, कोथिंबीर हुंगतोय. तेवढं मी माझ्या तोंडानं कशाला संपवू?

"मला काय माहीत, बाई," मी म्हणाले. "येत असेल मागून."

ठकूबाईनं माझ्या खांद्यावरून गर्दीत नजर टाकली आणि घाईघाईनं दोन जुड्या माझ्या पिशवीत कोंबल्या. "मंग तो यायच्या आत घ्या, ताई," ती म्हणाली. "कमीच द्या चार पैसे."