काऊन मॅडम

चिखलीच्या आमच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या मॅडमना मुलं 'काऊन मॅडम' म्हणत. हजेरी घेताना आलेल्यांपेक्षा न आलेल्यांकडे त्यांचं लक्ष जास्त. "ते मेहकरची पोरगी काऊन नाही आली?" असं काहीतरी विचारल्याशिवाय त्यांचा तास सुरूच होत नसे. तास संपला की त्या न आलेल्यांना फोन करत; फोन लागला नाही तर घर गाठत.

"पोरगं परीक्षेत नापास होत नाही," त्या म्हणत. "वर्गात यायचं बंद होते, तवाच झालेलं असते. आपल्याले दिसते उशिरा."

पहिल्या वर्षाला मी शुक्रवारचं प्रॅक्टिकल बुडवू लागले. ते संपेपर्यंत गावाकडची शेवटची एसटी निघून जायची. हे कुणाला सांगावं तेही ठाऊक नव्हतं. मग हळूहळू सगळेच तास सुटले. एका दुपारी मॅडम जीपमधून उतरून थेट आमच्या अंगणात आल्या.

"तिचं मन नाही लागत, मॅडम. राहू द्या," बाबा म्हणाले.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "काऊन वं? मन लागत नाही, का गाडी भेटत नाही?"

मी रडायलाच लागले. पुढच्याच आठवड्यात त्यांनी मला सकाळच्या बॅचमध्ये घालून घेतलं. माझी पदवी झाली ती त्यामुळे.

प्राचार्यांना हे आवडत नसे. "पोरांच्या मागे लागायला ही काय बालवाडी आहे?" ते एकदा सगळ्यांदेखत म्हणाले.

"मागं नाही लागत, सर. ते पडायच्या आधी तिथं जाऊन उभी राह्यतो."

मॅडम तासिका तत्त्वावर होत्या. पुढच्या वर्षी त्यांना बोलावणंच आलं नाही. निरोपसमारंभ वगैरे काही नाही. आता त्या खामगावात भावाच्या कापडदुकानात बसतात. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी पहिलं विचारलं, "आता कोण फोन करते पोरायले?"

"कोणीच नाही."

"म्हणजे सुटून राह्यली असतील," त्या म्हणाल्या. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि आमचं बोलणं तिथंच राहिलं.

माझी धाकटी बहीण त्याच कॉलेजात होती. दुसऱ्या वर्षाला तिचे दोन विषय राहिले आणि ती घरी बसली. मी नोकरीसाठी नाशिकला होते. मला कळलं ते तिचं लग्न ठरल्यावर. कॉलेजातून कुणी आलं नाही, कुणाचा फोनही आला नाही.

परवा तिच्या सासरी गेले होते. बोलता बोलता मी म्हणाले, ते दोन विषय तिसऱ्या वर्षासोबत देता आले असते.

भाकरी थापणारे तिचे हात थांबले. "विषय राह्यले तरी पुढच्या वर्गात बसू देतात?"

"हो."

"मले तर वाटलं, संपलं," ती म्हणाली. "कोणी सांगितलंच नाही वं, ताई."