रिकाम्या चौकटीपायी येऊरला

डोंबिवलीहून ठाण्याला मी एरवी फक्त डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाते. त्या दिवशी एक भिंत वाचवायला गेले.

माझी नात कुसुम मुंबईच्या कॉलेजात शिकते. तिच्या कॉलेजने ठाण्यातल्या एका वाचनालयाच्या हॉलमध्ये छोटंसं संग्रहालय मांडायला घेतलं. एका भिंतीवर वारल्यांकडून चित्र काढून घ्यावं, ही कल्पना कुसुमची. येऊरच्या डोंगरातल्या बायका हसतखेळत आल्या. त्यांनी भिंत शेणाने सारवली, वर तांदळाच्या पिठाने झाडं, माणसं, कोंबड्या काढल्या आणि मधली मोठी चौकट कोरी ठेवून निघून गेल्या. कुसुमचे लिमये सर म्हणाले, “अर्धवट चित्र लोकांना दाखवायचं नाही. रविवारपर्यंत चौकट भरली नाही तर चुना मारू.” पोरीने जेवण टाकलं. मी म्हटलं, “रडून भिंत भरत नाही. चल, त्या बायकांनाच विचारू.”

कुसुमने सरांनाही बोलावलं होतं. ठाणे स्टेशनवर ते छत्री घेऊन उभे होते. टांगा डोंगराच्या पायथ्यापर्यंत गेला, पुढे चढण. पळस फुलला होता. सर कलेबद्दल बोलत चालले होते, तेवढ्यात सागाच्या वाळक्या पानांवरून घसरून खाली बसले. छत्री उघडली, सर मिटले. मी हसले. कुसुमलाही हसू आवरेना.

पाड्यावर लग्नाची गडबड होती. ठाण्याला आलेल्या बायकांतली जेठी पुढे आली. बसायला घोंगडी दिली, भात आणि उडदाची डाळ वाढली. डाळ झणझणीत होती, मी दोनदा घेतली.

कुसुमने विचारलं, “जेठीमावशी, आमची चौकट भराल का?”

“तुजा लगीन हाय का गो?”

“नाही.”

“मग देवी कोनासाठी बसवू? तिथं पालघट (लग्नाची देवी) बसते. नवरा नाय, नवरी नाय, देवीला काय वाचनालयात पेपर वाचाया बोलवू?”

बायका खदखदल्या. एकीने सरांकडे बोट केलं. “या सायबाचा लगीन झाला का?”

सर चाळिशीचे. मान हलवून नाही म्हणाले.

“मग लाव की त्याचा! मी ठान्याला येऊन देवी बसवतें.”

सर कानापर्यंत लाल झाले. कुसुमने माझ्या पदरात तोंड लपवलं.

एवढ्यात आतून हाक आली. झोपडीच्या भिंतीवरच्या चौकावर (लग्नाच्या चित्रावर) कापड टाकलेलं होतं. भगताने ते बाजूला केलं. मधल्या चौकटीत देवी उभी होती, भोवती झाडं, फणी, चंद्र, सूर्य. शेजारी हळदीने माखलेली नवरी. देवी तिच्यासाठीच आली होती, हे मला सांगावं लागलं नाही. सरांनी वही काढली, पुन्हा खिशात घातली.

मग अंगणात तारपा (भोपळ्याचं लांब वाद्य) वाजू लागला. पोरांनी सरांना ओढून फेरात घेतलं. कुणी त्यांच्या हातात वाडगा दिला. दारूबंदीचे दिवस, त्यात काय होतं ते मी विचारलं नाही. सर बरे नाचतात. शिकवतात कसे, ठाऊक नाही.

आम्ही डोंगर उतरलो. पायथ्याशी सर म्हणाले, “कुसुम, चुना नाही मारायचा. चौकट कोरीच राहू दे. कोणी विचारलं तर सांगायचं, देवी लग्नघरी गेली आहे.”

कुसुम आनंदाने ओरडली तशी टांग्याचं घोडं बिचकलं.

टांग्यात बसल्यावर सर हळूच म्हणाले, “आजी, तुमच्या पाहण्यात एखादी मुलगी आहे का?”

“भिंतीसाठी की तुमच्यासाठी?”

“आधी भिंतीसाठी.”

मी मुली बघते आहे. घाई नाही. तोवर कॉलेजची पोरं कोऱ्या चौकटीपुढे उभी राहतात, आणि पाड्यावर लग्न निघालं की त्यातली काही डोंगर चढतात. मीही बरोबर असते, आणि चढतानाच त्यांना सांगून ठेवते : देवीपुढे बूट घालून येऊ नका.