अक्कांचा धुण्याचा दगड

माझ्या सासूबाई, सुनंदाबाई, कशालाच घाबरत नाहीत. साप निघाला तर चपलेनं मारतील, मोठ्यातल्या मोठ्या साहेबाला तोंडावर खोटारडा म्हणतील. पण उजाडायच्या आधी मागच्या अंगणात नळ सोडायची आमच्या घरात कुणाची टाप नाही. पाण्याचा आवाज आला की त्या अंथरुणात ताडकन उठून बसतात आणि म्हणतात, "अक्का उठनी."

अक्का म्हणजे त्यांची थोरली जाऊ, द्रौपदाबाई. मी लग्न होऊन धुळ्याहून आले तेव्हा त्या भिंतीवरच्या फोटोत होत्या. पहिल्याच आठवड्यात मी शहाणपणा करून पहाटे धुणं काढलं, तर आई, म्हणजे सासूबाई, दारात येऊन उभ्या, चेहरा पांढराफटक. नुसत्या धुण्याच्या दगडाकडे बघत राहिल्या. त्या दगडाचीही कमालच आहे. पाचोऱ्याकडचं गावातलं घर विकलं तेव्हा ह्या बाईनं भांडी वाटून टाकली, कपाट देऊन टाकलं, आणि ज्या दगडाला घाबरते तोच टेम्पोत घालून इथे पिंप्राळ्याला आणला. का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "तठे अक्का एकली पडती."

अक्कांची गोष्ट मला तुकड्या-तुकड्यांनी कळली. श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ लावून देवी सजवायची, भाऊबंदकीच्या, म्हणजे सगळ्या भावकीच्या, गव्हाचे रोट करायचे, रात्रभर गाणी म्हणायची आणि सोमवारी सकाळी तिला नदीवर न्यायचं. देवी बसवायचा मान घरातल्या थोरल्या सुनेचा. विटाळ असलेल्या बाईनं मात्र त्या खोलीत पाऊलसुद्धा टाकायचं नाही. अक्कांची पाळी केव्हाच थांबली होती, त्यामुळे त्यांचा मान पक्का. आणि एका वर्षी रक्त पुन्हा जायला लागलं.

सांगितलं तर मान जाणार, म्हणून अक्का सगळ्यांच्या आधी उठून त्या दगडावर धुवायच्या. पाणी ओतायला धाकटी जाऊ, म्हणजे आमच्या आई. भाऊबंदकीतल्या बायकांना वासावरून कळलंच होतं. "उष्णता शे," म्हणून त्यांनी सब्जाचं बी भिजवून दिलं, विचारायला आलेल्या पुरुषांना परस्पर वाटेला लावलं, अक्कांच्या वाटचं दळण-कांडण आपसात वाटून घेतलं. किती माया! मला ह्या मायेचा भयंकर राग येतो. कानबाई होऊ दे, मग कापूस निघू दे, मग दिवाळी होऊ दे, असं करत अक्का धुळ्याच्या दवाखान्यात पोचल्या तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होता.

हे सगळं आत्ता सांगायचं कारण, ह्या वर्षी आषाढात मला पहाटे जाग आली ती पाण्याच्या आवाजानं. आईंचं अंथरूण रिकामं होतं. मागं गेले तर ज्या बाईनं इतकी वर्षं कुणाला तो नळ सोडू दिला नाही, ती स्वतः दगडापाशी उकिडवी बसून काहीतरी चोळत होती. पाणी लाल वाहत होतं. आईंची पाळी जाऊन दहा-बारा वर्षं तरी झाली असतील.

मी भांडले, रडले, नवऱ्याला म्हणजे ललितला सांगायची धमकी दिली, तेव्हा कुठे बाई रिक्षात बसल्या. डॉक्टर प्रज्ञा माझ्याहून लहानच असतील. त्यांनी तपासून तुकडा काढून पाठवला. श्रावण लागल्यावर रिपोर्ट आला. कॅन्सरच होता, पण अगदी सुरुवातीचा, ऑपरेशननं निघण्यासारखा. आई म्हणाल्या, "माले दखाडा, काय शे ते." डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर त्या तुकड्याचा फोटो उघडला.

गुलाबी रंगावर निळ्या ठिपक्यांची दाटी होती. "ह्या मोठ्या, वेड्यावाकड्या दिसतात त्या कॅन्सरच्या पेशी," डॉक्टर म्हणाल्या, "आणि भोवती हे बारके ठिपके दिसतात ना, ते तुमच्याच अंगातले पहारेकरी. रोगाशी लढणाऱ्या पेशी."

"मंग लढतस का नही?"

"हा आजार ज्या विषाणूनं होतो तो फार गुपचूप राहतो, आई. सूज नाही, ताप नाही. पहाऱ्याला वर्दीच जात नाही. तरी बहुतेक बायकांमध्ये वर्ष-दोन वर्षांत ह्या पेशी त्याला ओळखतात आणि संपवतात. काहींमध्ये तो टिकतो. मग पेशी बिघडत जातात, पहारेकरी गोळा होतात, पण कॅन्सर त्यांना आपल्या बाजूला वळवून घेतो. काही जण लढणाऱ्यांनाच मागं ओढतात. काही जण तर त्याच्यासाठी नव्या रक्तवाहिन्या करून देतात, त्याला पोसतात."

आई पडद्याजवळ सरकल्या. "ह्यामा फिरेल कोनता?"

"कोणता फितूर झालाय ते नुसतं बघून नाही सांगता येत. ह्या फोटोत सगळे सारखेच दिसतात."

आई त्या ठिपक्यांकडे बघत राहिल्या. मग फार हळू म्हणाल्या, "आम्हीन बी तसंच करं." डॉक्टरांना काही कळलं नाही. मला मात्र तो भिजवलेला सब्जा आठवला.

एवढं होऊन बाईला शहाणपण आलं असेल, तर नाव नको! परत येताना रिक्षातच माझा हात दाबून म्हणाल्या, "कानबाई होऊ दे. मंग जाऊत ऑपरेशनले. तोवर कोनले सांगू नको." डॉक्टरांनी तर लगेच भरती व्हायला सांगितलं होतं. मी घरी आल्या आल्या ललितला सांगितलं. तो आईपुढे बसला, हात जोडले, ओरडला, काही उपयोग झाला नाही. अक्कांच्या मागं मान माझा, एवढंच त्यांचं म्हणणं. मला रात्रंदिवस तो गुलाबी फोटो दिसायचा. कानबाईनंतर कापूस, कापसानंतर दिवाळी, हे मला तोंडपाठ होतं.

कानबाईचा रविवार उजाडला. भाऊबंदकी आदल्या दिवसापासूनच घरात उतरली होती. मी चहा टाकत होते, तर आई ओल्या पदरानं स्वयंपाकघरात आल्या.

"मयुरी, आते दगडवर पानी तू वतं का?"

"नाही. मी आत्ताच उठले."

"मी धुई ऱ्हायंतू. नळ बंद व्हता. वरतून पानी पडी ऱ्हायंतं, हळूहळू, मी अक्काले वतू तसं." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला मागं वळून बघायचा धीर होईना. "मांगे कोनीच नव्हतं."

मी त्यांना जवळ घेतलं. त्या गार पडल्या होत्या.

देवी बसवायची वेळ झाली. बायका ओवाळायला जमल्या, आईंच्या हातात नथ घातलेला नारळ दिला. त्या उंबऱ्यापर्यंत गेल्या आणि थांबल्या. नारळ माझ्या हातात दिला.

"मी देवले हात लावस नही. माले अंगवर जास. कॅन्सर शे." त्या बायकांकडे वळल्या. "अक्काले बी असंच व्हतं. माले ठाऊक व्हतं. तुमले बी ठाऊक व्हतं. बठ्ठासले ठाऊक व्हतं, आनि कोनीच तोंड उघाडं नही."

दगूकाकू, आमच्या चुलत सासूबाई, भाऊबंदकीत आता सगळ्यांत थोरल्या. अक्कांना सब्जा भिजवून देणाऱ्या त्याच. त्या फणकारल्या, "देवना दारमा हाई काय बोलनं? वाईट काय काढतीस?" आईंनी पाठ फिरवली. त्या बाहेरच्या खोलीत जाऊन खुर्चीवर बसल्या आणि दिवसभर तिथूनच गाणी म्हणत राहिल्या, सगळ्यांत मोठ्या आवाजात. देवी मी बसवली. मंगळवारी भरती व्हायचं ठरलं.

सोमवारी उजाडायच्या आधी मला जाग आली. गाणी संपून घर गाढ झोपलं होतं. मागं पाणी पडत होतं, थांबून थांबून.

मी चटकन शेजारी पाहिलं. आई झोपलेल्या होत्या. पाण्याच्या थेंबानं दचकणारी बाई तोंड उघडं टाकून शांत घोरत होती. उठवावं का? नको वाटलं. भिंतीला धरून मागच्या दारापर्यंत गेले.

दगडापाशी पाठमोरी एक म्हातारी बसली होती, डोक्यावर पदर. मी फोटोतल्या अक्कांना हाक मारणार होते, देवाशप्पथ. तेवढ्यात तिनं मान वळवली. दगूकाकू होत्या. हातातलं कापड त्यांनी चटकन लुगड्याखाली ओढलं, पण दगडावरून वाहणारं लाल पाणी त्यांना झाकता आलं नाही.

"सुनंदाले सांगू नको, माय," त्या म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं. "तुले कानबाईनी आन शे."

त्यांच्या डोळ्यांत इतकी कळकळ होती की क्षणभर मी मान हलवणार होते. बादली उचलून पाणी ओतायला माझा हात पुढेसुद्धा झाला होता.

मग मी घराकडे तोंड केलं आणि सगळी भाऊबंदकी जागी होईल इतक्या जोरानं ओरडले, "आई! उठा! अक्का नाहीत, दगूकाकू आहेत!"