मौन पाळणारे मामा

आता कुठून सुरू करू, तुम्हीच सांगा. हसायचं तर हसा, पण सगळं ऐकून हसा. एका भल्या पोराचं लग्न मी मोडता मोडता राहिलो, आणि तेही तोंडातून एक शब्द न काढता. माझ्यासारख्या बडबड्या माणसानं न बोलता घोळ घातला, हेच आधी कुणाला खरं वाटत नाही.

नांदेडात मी क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. दिवसभर तिथं बोलायचं आणि उरलेलं घरी येऊन बोलायचं. मागं आमच्या लेकीला, मेघाला, बघायला पाहुणे आले, तर मी मुलाच्या वडिलांना इंद्रधनुष्य कसं पडतं ते पाऊण तास समजावून सांगितलं. चहा गार झाला आणि पाहुणे गेले ते गेलेच. त्यात माझं बीपी वाढलं. डॉक्टर म्हणाले, गोळ्या आहेतच, पण जरा झाडामातीत जात चला. सुनंदानं, म्हणजे आमच्या मंडळींनी, लगेच अर्धापूरकडच्या एका शेतातल्या निसर्गोपचार शिबिरात माझं नाव घातलं.

व्हॉट्सअ‍ॅपवर सूचना आल्या. शिबिर लेकरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांसाठी. डांबरी रस्ता सोडला की फोन बंद आणि मौन सुरू. अनवाणी चाला, मातीचा वास घ्या, ती कपाळाला लावा, झाडाला मिठी मारा. शेताची खूण काय, तर केळीची बाग आणि पुढं पत्र्याचं शेड. आता अर्धापुरात केळीची बाग ही काय खूण झाली का हो? जिकडं बघावं तिकडं केळीच. बरं, कुणाला विचारावं तर मौन सुरू झालेलं!

एका शेडसमोर सडा मारलेला दिसला. सतरंजी अंथरलेली, तिच्यावर एक आजी, दोन-चार लेकरं, काही मधल्या वयाची माणसं. म्हटलं, सगळ्या वयाचे जमलेत, हेच ते. मी हात जोडले. शेतमालक शेषेराव लगबगीनं पुढं आले आणि त्यांनी पाय धुवायला पाणी दिलं. मला वाटलं, उपचार सुरू झाला.

तिकडं काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. शेषेरावांच्या गजाननसाठी मुलीकडचं माणूस शेत बघायला येणार होतं. मुलीचे मामा नांदेडहून एकटेच परस्पर येतो म्हणाले होते, आणि त्यांना या घरात कुणी पाहिलेलं नव्हतं. गजानन बत्तीस वर्षांचा, कामाला वाघ. पण शेती करतो म्हणून पाच ठिकाणांहून नकार आलेला. हे सहावं स्थळ, आणि सगळं मामांच्या शब्दावर अडलेलं. ते मामा म्हणजे मी, असं सगळ्यांनी धरून टाकलं.

मी चपला काढून वाफ्यात उतरलो. ढेकूळ उचललं, फोडलं, डोळे मिटून हुंगलं आणि माती कपाळाला लावली. माझ्या मागं मागं चालणारे शेषेराव हळूच म्हणाले, "यंदा शेणखत जरा कमी पडलं, पाव्हणं. खोटं कशाला बोलू?"

मला वाटलं, काय नम्र गुरू आहेत. मग मी बांधावरच्या आंब्याला दोन्ही हातांनी कवटाळलं. शेषेरावांना घाम फुटला.

"झाड बांधावर हाय, पण आमच्याच हद्दीत हाय," ते म्हणाले. "सातबारा दाखवू का?"

निसर्गोपचारात सातबारा कशाला लागतो, असं मनात आलं माझ्या. पण विचारता येईना. विहिरीच्या काठावर बसून मी दहा वेळा खोल श्वास घेतला आणि सावकाश सोडला. माझ्या एकेका सुस्काऱ्याबरोबर गजाननचा चेहरा उतरत गेला. मे महिन्यात बी पाणी टिकतं साहेब, असं तो म्हणाला, तेव्हा त्याचा आवाज पार बसला होता. आज आठवलं तरी मला कसंनुसं होतं.

असे तीन तास गेले. शेवटी आजी बशीत सुशीला, म्हणजे फोडणीचे मुरमुरे, घेऊन आली. ती गरम सुशीला मी तोंडात घालणार, तोच ती म्हणाली, "बाबा, सकाळपासून तू बोलून नाही राहिला. माझा नातू पसंत हाय का न्हाई, एवढं तर सांग."

घास हातातच राहिला. तेवढ्यात बांधावर मोटारसायकल थांबली आणि खरे मामा उतरले, उशिराबद्दल माफी मागत. हे कोण, असं त्यांनी माझ्याकडं बघून विचारलं. तुमच्यातलेच न्हाईत का, शेषेरावांनी उलट विचारलं. मामांनी माझे चिखलाचे पाय बघितले, कपाळ बघितलं आणि आवाज बारीक केला. "घरात कुणाला डोक्याचा त्रास हाय का?"

गजानन मटकन खाली बसला.

मग मात्र मी मौन सोडलं. बीपी, डॉक्टर, सुनंदा, शिबिर, सगळं एका दमात सांगितलं. फोन सुरू करून सूचना दाखवल्या. मामांनी त्या शेवटपर्यंत वाचल्या आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. हसून झाल्यावर त्यांनी शेषेरावांना विचारलं, तीन तासांत एकदाही नाव कसं विचारलं नाही?

"दारात आलेल्या माणसाला तू कोण म्हणून विचारावं वाटंना," शेषेराव म्हणाले. "आणि त्यांना काय दुःख हाय म्हणून बोलत न्हाईत, असंबी वाटलं."

मामांनी माझा फोन माझ्या हातात परत दिला. मग म्हणाले, "वेड्यालासुद्धा इतकं जपणाऱ्या घरात पोरगी द्यायला आमची ना न्हाई."

वेडा म्हणजे मी, बरं का. पण त्या क्षणी मला त्याचं काही वाटलं नाही. शिबिराचं शेत तिथून तिसरं निघालं. मी तिकडं गेलोच नाही, सुशीला खाऊन ताठ मानेनं घरी आलो आणि सुनंदाला म्हटलं, एका पोराचं लग्न जमवून आलो.

तिनं सगळं शांतपणे ऐकलं. "म्हणजे तुम्ही गप्प बसला की लग्न जमतं," ती म्हणाली.

येत्या रविवारी मेघाला बघायला लातूरचे पाहुणे येणार आहेत. त्याच रविवारी सुनंदानं शिबिरात माझं नाव घातलंय, सकाळी सात ते संध्याकाळी सात. मी वाट चुकून लवकर घरी येऊ नये म्हणून मेघा स्वतः मला गाडीवर सोडायला येणार आहे.