निकालाच्या दिवशी खरं बोलणाऱ्या विमलताई

सदर बाजारात साडीला फॉल लावायला टाकत होते, तेव्हा शाळेतून फोन आला. विमलताई गेल्या. दुकानदार रंग विचारत होता आणि मी नुसतीच हो हो म्हणत राहिले. त्याला महिना उलटून गेला, तरी अजून खरं वाटत नाही...

विमलताई म्हणजे चौबे कॉलनीतल्या आमच्या छोट्या खासगी प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका. रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं आणि बघता बघता गावभर चकचकीत शाळा उभ्या राहिल्या. आमच्याकडे ना बस, ना मोठं मैदान. पालक टिकवायचे कसे, हीच सगळ्यांना काळजी. अशातच एका पालकसभेत तिसरीच्या मुलांनी सातचा पाढा खणखणीत म्हटला. टाळ्या पडल्या. ताईंनी एका मुलीला जवळ घेऊन विचारलं, "सात जणांना तीन-तीन बोरं दिली, तर किती बोरं लागतील?" पोरीने घाबरून पाढा पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. ताईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि पालकांना शांतपणे सांगितलं, "पहाड़ा याद है, हिसाब नहीं आता. गलती बच्चों की नहीं, हमारी है."

पुढच्या आठवड्यात दाखले काढायला पालकांची रीघ लागली. संस्थेचे सचिव, ज्यांना शाळेत सगळे काका म्हणायचे, हवालदिल झाले. "ताई, आपल्याच हाताने शाळा काहून बुडवून राहिल्या तुम्ही?"

"पोट्टीले येत नाही, अन् मी येते म्हणू? मंग शाळा चालवून करू काय?" ताई म्हणाल्या.

बाई हट्टी होती, यात वाद नाही. तेव्हापासून दर शनिवारी आम्ही शिक्षिका वर्गांची अदलाबदल करायचो. माझ्या मुलांना दुसरी शिक्षिका तपासणार आणि जे कच्चं निघेल ते सोमवारी मी पुन्हा शिकवणार, मग पुढचा धडा राहिला तरी चालेल. आम्ही मागून त्याला 'सोमवारची साडेसाती' म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं, आणि त्या खुशाल हसायच्या. हळूहळू काही पालक परतले, काही नव्याने आले. शाळा तगली. त्यांच्यासारखी छाती मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही.

मागच्या आठवड्यात त्यांच्याविना पहिला निकाल लागला. आता पालकांना गोड बोलून वाटेला लावायचं की ताईंसारखं तोंडावर सांगायचं, हे कुणी बोललं नव्हतं. नवा रायपूरला नोकरी करणारे एक वडील मुलीला घेऊन आले. समोर आमची सगळ्यात तरुण शिक्षिका स्नेहा होती. घरी मराठी, पण बोलणार हिंदीच.

"भैया, भाग देना इसको अभी समझा नहीं है," ती म्हणाली. "गलती मेरी है. छुट्टी में थोड़ा समय दीजिए."

वडिलांनी मुलीकडे पाहिलं. मग विचारलं, "कब लाऊँ?"

"कल सुबह," स्नेहा म्हणाली आणि उठून ताईंच्या खोलीची कडी काढली. ताई गेल्यापासून ती कुणी उघडली नव्हती. "यहाँ बैठेंगे."