शिंदेवहिनींची अठरा पिल्लं

शिंदेवहिनींच्या घरी नव्या माणसाला थेट आत प्रवेश नसे. आधी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसायचं, गुळाचा खडा खायचा, पाणी प्यायचं आणि दहा मिनिटं गप्प राहायचं. लग्नानंतर नवऱ्याच्या बदलीपाठोपाठ मी चंदीगडला आले, तेव्हा जूनच्या उन्हात त्यांनी मलाही असंच बसवलं. मी नगरची. आमच्याकडे आल्यागेल्याला हात धरून आत ओढतात. मला चांगलाच राग आला.

"रागवू नको गं," वहिनी म्हणाल्या. "आमचे हे नवा मासा आणतात तवा त्याची पिशवी आधी टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवतात. पाणी पाण्याला लागलं की मग सोडायचा. माणसाचं काय येगळं असतंय?"

आम्ही सरकारी क्वार्टरमध्ये पहिल्या मजल्यावर, वहिनी आमच्या डोक्यावर, आणि तळमजल्यावर ग्रेवाल अंकल, निवृत्त आणि एकटे. वहिनी कोल्हापूरच्या. तिकडच्या बायकांसारखं "मी येतो, मी जातो" असं बोलायच्या आणि ग्रेवाल अंकलशी त्याच थाटात हिंदी झोडायच्या. मुलगी शाळेसाठी आजीकडे कोल्हापुरात ठेवलेली. शिंदेदादा टेलिफोन खात्यात होते. सोमवारी बसने पंजाबात कुठल्याशा गावी एक्स्चेंज दुरुस्तीला जायचे आणि शनिवारी परतायचे. ऐंशीच्या दशकातल्या त्या वर्षांत खलिस्तानी अतिरेकी त्या रस्त्यांवर बस अडवून माणसं उतरवून मारत होते. तरी दादा जायचे, कारण ड्युटी होती.

बाहेरच्या खोलीत चार फुटांची काचेची टाकी होती. ती दादांची. तिच्यात दोन जुने एंजल मासे होते, पसरट, तोऱ्यात फिरणारे. त्यांच्या सोबतीला गप्पी आणि मॉली. गप्पीला पिल्लं झाली की दादा ती लगेच लोणच्याच्या बरणीत काढून ठेवायचे, कारण एंजल ती गिळून टाकतात. एंजलच्या तोंडात मावणार नाहीत एवढी झाली की मगच टाकीत. त्याचीही रीत होती. आधी मोठ्यांना पोटभर खायला घालायचं, मग दगड आणि झाडं हलवायची, वर चादर टाकून अंधार करायचा, आणि मग पिल्लं सोडायची.

"दगड कशाला हलवायचे?" मी वहिनींना विचारलं होतं.

"जुन्यांना आपली जागा ठाऊक असती. नव्याला ते तिथं शिरू देत न्हाईत. दगड हलीवले की जुनीबी नवीनच की! सगळीच नवीन झाली की कोण कुणाला हाकलणार?"

एका सोमवारी दादा निघाले तेव्हा बरणीत तीसेक पिल्लं होती. जाताना बजावून गेले, "शनिवारी मी येऊन सोडीन. तू हात लावू नकोस." बुधवारी शहरात कर्फ्यू लागला. शनिवारी दादा आले नाहीत. रेडिओवर बस अडवल्याची बातमी होती, नावं नव्हती.

"फोन दुरुस्त करायला गेलेल्या माणसाचा फोन येईना, काय म्हणावं?" असं म्हणून वहिनी हसल्या. ते हसणं मला आजही ऐकवत नाही.

सकाळी दोन तास कर्फ्यू उठायचा. तेवढ्यात ग्रेवाल अंकल पगडी बांधून स्कूटर काढायचे आणि दादांच्या ऑफिसात, पोलिसांत चौकशी करून यायचे. मी बरोबर येते म्हटलं तर स्कूटरवर मागे बसायला सरकारची बंदी. ते परत आले की वहिनी वरून विचारायच्या आणि ते खालून मान हलवायचे, "कुछ नहीं भैणजी, अभी कुछ नहीं."

वहिनींच्या हाताला काम नव्हतं. मग त्यांनी पिल्लांना खायला घालायला सुरुवात केली. उकडलेल्या अंड्याचा बलक बोटाने चुरून बरणीत. दिवसातून एकदा चिमूटभर पुरतो. त्या तासातासाला घालू लागल्या. "उपाशी दिसतात गं," म्हणायच्या. मी बघत होते आणि थांबवलं नाही. मला वाटलं, बाईला काहीतरी करू दे. दोन दिवसांत बरणीतलं पाणी दुधासारखं झालं आणि सकाळी तळाशी पिल्लं मरून पडलेली. जिवंत उरली अठरा.

"बरणी हाताशी ऱ्हायली की माझा हात थांबायचा न्हाई. आता टाकीत सोडल्याबिगर इलाज न्हाई," वहिनी म्हणाल्या. पिल्लं एंजलच्या तोंडात सहज मावण्याएवढीच होती, हे आम्हा दोघींनाही दिसत होतं.

दुपारभर आम्ही ती रीत पाळली. मोठ्यांना खायला घातलं. वहिनींनी दंडापर्यंत हात बुडवून एकेक दगड हलवला. पिल्लं स्वच्छ पाण्याच्या पिशवीत घेऊन पिशवी तरंगत ठेवली, वाटी वाटी टाकीचं पाणी तिच्यात घातलं. चादर टाकली. पिशवी कलती करताना त्यांचे ओठ हलत होते. पुटपुटल्या ते मला ऐकू आलं, "अठराच्या अठरा ऱ्हायली तर हे येतील." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "रोज सकाळी येऊन मोजशील? माझ्यानं व्हायचं न्हाई."

दुसऱ्या सकाळी मी चादर उचलली. अकरा होती. एंजल संथपणे फिरत होते. स्वयंपाकघरातून आवाज आला, "किती?"

"अठरा," मी म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सहा. मी म्हणाले अठरा. त्यानंतर तीन, शेवाळामागे चिकटून राहिलेली. मी अठराच म्हणत राहिले. दर वेळी आतून स्टोव्ह पेटल्याचा आवाज यायचा, म्हणजे वहिनी चहा ठेवायच्या, म्हणजे त्या दिवशी दोन घास तरी खायच्या. मला माझीच चीड यायची. पण खरं बोलायचं धैर्य माझ्यात नव्हतं, आणि खोटं थांबवलं तर त्या स्टोव्हपाशीच कोसळतील अशी भीती होती. हळूहळू मीही मनात म्हणू लागले, तीन तर तीन, एवढी राहिली तरी चालेल, दादांना येऊ दे.

मग एका सकाळी अंकल परतले आणि त्यांनी वर मान केलीच नाही. माझं दार वाजवलं. रडून त्यांची दाढी ओली झाली होती. "बेटी, अकेले ऊपर नहीं जाया जाता मुझसे. तू आगे चल."

मी पुढे झाले. दार उघडून वहिनी नेहमीसारख्या आत वळल्या आणि तिथून म्हणाल्या, "किती?"

मला आकडा बोलता येईना. अंकल उंबऱ्यात उभे होते. वहिनी बाहेर आल्या, त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि त्या खाली बसल्या. अंकलनी पगडी त्यांच्या पायाशी ठेवली आणि म्हणाले, "मैनूं माफ कर दे भैणे." बस अडवणाऱ्या त्या माणसांशी अंकलचा काय संबंध होता? वहिनींनी ती पगडी उचलून दोन्ही हातांनी त्यांच्या हातात परत दिली.

महिन्याभराने कोल्हापूरहून भाऊ न्यायला आला. सामान खाली जात होतं. टाकी वहिनींनी मला दिली. मी तेव्हा रडत रडत सगळं कबूल केलं, की पहिल्याच सकाळी अकरा होती, मी रोज खोटं बोलत होते.

"ठाऊक हाय मला," वहिनी म्हणाल्या. "तू यायच्या आधी रोज चादर उचलून मोजत होतो मी."

"मग मला कशाला विचारत होतात?"

टाकीच्या काचेवरचा डाग त्यांनी पदराने पुसला.

"माझा आकडा मला नको होता, पोरी."